विश्लेषण : सिगार हजारांचा, बिडी चिल्लरची... किंमत पानाची की गोष्टीची?

महागड्या सिगारची चव खरी, की तो नुसता पैशांचा तोरा? या प्रश्नाची वाट क्यूबाच्या शेतातून निघते आणि कुहीच्या रानातील तेंदूपानापाशी येऊन थांबते. तिथे प्रश्न चवीचा उरत नाही, दामाचा होतो.

बोटांत जाड सिगार धरून काढलेले फोटो आता मुंबई-दिल्लीच्या हॉटेलांपुरते उरलेले नाहीत. नागपूरपासून साधारण 40 किलोमीटरवर असलेल्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावातही मोबाइल उघडला की एखादी रील समोर येते. काळा कोट, मंद दिवे, सावकाश सोडलेला धूर आणि सोबत एक वाक्य, ‘याची चव कळायला जीभ लागते.’ सिगारचे जाणकार त्याचे वर्णन करताना कॉफी, कोको, मिरी, चामडे, देवदाराचे लाकूड असे शब्द वापरतात. एका नगाला काही हजार रुपये मोजले जातात आणि मोजणारा ते वसूल झाले असे छातीठोकपणे सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो. सुकवलेल्या पानांची ही वळी, तिचे एवढे मोल कशासाठी?

या प्रश्नाला ‘श्रीमंतांचे चोचले’ असे एका वाक्याचे उत्तर देता येते. पण ते अर्धवट आहे. कारण सिगारच्या किमतीत ज्या गोष्टींचे पैसे लागतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी विदर्भातल्या बिडीतही असतात. तिथे मात्र त्यांचे पैसे लागत नाहीत.

सिगारची चव म्हणजे नेमके काय?

हाताने वळलेल्या सिगारमध्ये कागद नसतो. आतून बाहेरून सगळी तंबाखूचीच पाने असतात. पोटात भरलेली पाने म्हणजे फिलर, ती धरून ठेवणारे पान म्हणजे बाइंडर आणि सर्वांत वरचे गुळगुळीत पान म्हणजे रॅपर. रॅपरला छिद्र, डाग, जाड शीर चालत नाही. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता आबाहो या भागात रॅपरचे पीक पातळ कापडाच्या मांडवाखाली घेतात, म्हणजे ऊन गाळून पडते आणि पान पातळ, लवचीक होते. अमेरिकेतील कनेक्टिकट खोऱ्यातही हीच पद्धत आहे.

तोडलेली पाने आधी सुकवतात, मग त्यांच्या थप्प्या लावून आंबवतात. थप्पी आतून तापते, पानातला अमोनिया निघून जातो, उग्रपणा कमी होतो. हे काम काही महिने चालते, उंची पानांसाठी काही वर्षेही. धूर छातीत न घेता तोंडात खेळवायचा असतो, त्यामुळे गंध टाळूमागून नाकात चढतो. कॉफी किंवा कोकोची झाक लागते ती तिथेच. सिगारमध्ये कोणी कॉफी घातलेली नसते. पानाची जात, माती, ऊन आणि आंबवण यांतून आलेला तो वास असतो. म्हणजे चव ही थाप नाही. रायवळ आंबा आणि हापूस यांत फरक असतो, तसाच दोन सिगारमध्येही असतो.

मग एवढी किंमत कशाची?

पहिला वाटा वेळेचा. पानात दोन-तीन वर्षे पैसा अडकून पडतो. दुसरा वाटा हाताचा. क्यूबात सिगार वळणाऱ्या कारागिराला ‘तोर्सेदोर’ म्हणतात. तो दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे सिगार वळतो आणि त्याच्या हाताला कसब म्हणून मान असतो. हवानाच्या कारखान्यांत 1865 पासून कामगारांना कामाच्या वेळी वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा पडली. वाचकाचा पगार सुरुवातीला कामगार आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून देत. ‘मोंतेक्रिस्तो’ हे प्रसिद्ध नाव अशाच वाचनातून आवडत्या झालेल्या अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीवरून आले.

तिसरा वाटा टंचाईचा. फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. आदेशावर सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपले माध्यम सचिव पिअर सॅलिंजर यांना क्यूबन सिगार जमवायला सांगितले आणि रातोरात 1,200 नग आले, ही हकिकत खुद्द सॅलिंजर यांनीच पुढे सांगितली. मिळत नाही म्हटल्यावर मागणी वाढते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी वळल्या जाणाऱ्या सिगारपासून 1966 मध्ये ‘कोहिबा’ उभा राहिला. 2022 मध्ये या नावाच्या सिगारचे जगभरातील भाव हाँगकाँगच्या चढ्या भावाच्या पातळीवर नेण्यात आले. त्या वर्षी पान काही अचानक चविष्ट झाले नव्हते. गिऱ्हाईक द्यायला तयार होते, म्हणून भाव चढले.

उरलेला वाटा कर, आयात, साठवण आणि दुकानाचा. भारतात बसून क्यूबन सिगार ओढणाऱ्याच्या बिलात हा वाटा मोठा असतो.

जीभ किंमत ओळखते की किंमत जीभ फिरवते?

2008 मध्ये अमेरिकेत वाइनवर झालेला एक प्रयोग इथे लागू पडतो. लोकांना एकच वाइन दोनदा दिली. एकदा 5 डॉलरची म्हणून, एकदा 45 डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली वाइन लोकांना जास्त आवडली. विशेष म्हणजे ते नुसते तोंडदेखले नव्हते. मेंदूचे चित्रण केले तेव्हा सुखाची जाणीव नोंदवणारा भागही जास्त सक्रिय दिसला. म्हणजे किंमत कळली की आनंद खरोखरच वाढतो. सिगारवाला खोटे बोलत नसतो. फक्त त्याला मिळणाऱ्या आनंदातला काही भाग पानातून आलेला असतो आणि काही बिलातून.

याची उलटी बाजू भारतातच पाहायला मिळते. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीचे सिगार एकेकाळी ब्रिटिश साम्राज्यभर जात. आर्थर कॉनन डॉयल यांच्या 1887 च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच होम्सकथेत शेरलॉक होम्स राखेवरून ‘त्रिचनापल्ली’ सिगार ओळखतो. आपल्याकडचा ‘चिरूट’ हा शब्दही तमिळ ‘सुरुट्टू’वरून, म्हणजे ‘वळलेले’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. साम्राज्य गेले, आश्रयदाते गेले आणि त्या सिगारचा दबदबाही ओसरला. पाठीशी गोष्ट सांगणारा आणि ती ऐकून पैसे मोजणारा नसेल, तर नुसत्या पानाच्या जोरावर भाव टिकत नाही.

नागपूरच्या उन्हात सिगारचे काय होते?

यात एक व्यवहाराचा मुद्दा आहे, तो रीलमध्ये दिसत नाही. सिगार साधारण 18 ते 21 अंश तापमानात आणि 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवावा लागतो. त्यासाठी देवदाराची खास पेटी, म्हणजे ह्युमिडर लागते. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा 45 च्या वर जातो आणि हवा पापड वाळवण्याजोगी कोरडी असते. अशा हवेत काउंटरवर उघडा राहिलेला सिगार काही दिवसांत वाळतो. रॅपर तडकते, पान भराभर जळते, धूर गरम आणि कडू लागतो. कॉफी-कोकोची झाक त्यात कुठेच उरत नाही. म्हणजे भारी नाव वाचून घेतलेल्या सिगारचे पूर्ण पैसे मोजूनही हाती येते ते उग्र, सुकलेले पान. चवीसाठी पैसे मोजले असे म्हणणाऱ्याने किमान एवढे तपासायला हवे. जो तपासत नाही, त्याने पैसे फोटोसाठी मोजले असे समजायला हरकत नाही.

या हवेला साजेसे पान निसर्गाने इथे आधीच देऊन ठेवले आहे. ते तंबाखूचे नाही, तेंदूचे आहे.

कुहीच्या रानातील पानाची कथा काय?

उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य कुही, उमरेड, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी या तालुक्यांत पसरलेले आहे. या पट्ट्यातील सागाच्या, पानझडीच्या रानात तेंदूची झुडपे जागोजागी दिसतात. अभयारण्यात पाने तोडायला बंदी असते, बाहेरच्या जंगलात हंगाम चालतो. बिडीसाठी हेच पान का? ते पातळ पण चिवट असते, शिरा नाजूक असतात, वाळल्यावरही पाण्याचा हात लावला की वळते आणि वळल्यावर फाटत नाही. सिगारच्या रॅपरकडून ज्या अपेक्षा असतात, त्याच या. फरक एवढाच की तिथे त्यासाठी कापडाचे मांडव घालतात, इथे रान ते फुकट देते.

हंगामाआधी झुडपांची छाटणी होते. नवी कोवळी पाने एप्रिल-मेमध्ये तयार होतात. पहाटे तीन-चारला उठून बायाबापड्या, पोरेसोरे रानात जातात आणि ऊन तापायच्या आत पाने तोडून आणतात. दुपारी घरी बसून जुळवणी होते. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब आहे. म्हणजे एका गोणीमागे 70 हजार पाने, एकेक करून हाताने तोडलेली, निवडलेली आणि रचलेली.

यात धोका किती, हे विदर्भाला सांगावे लागत नाही. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. सिगारच्या पेटीवर वुएल्ता आबाहोचे नाव अभिमानाने मिरवते. बिडीच्या बंडलावर मात्र मालकाचे नाव असते, फोटो असतो, कधी देवाचे चित्रही असते. पान कोणत्या रानातले आणि कोणी तोडले, याचा तिथे पत्ता नसतो.

हात दोन्हीकडे, मग दाम एकीकडेच का?

बिडी (राज्याच्या इतर भागांत ‘विडी’) हीसुद्धा सिगारइतकीच हातची वस्तू आहे. पान भिजवायचे, मापात कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटवायचे. चिमूट कमी-जास्त झाली तर बिडी नीट ओढली जात नाही. हे कसब नाही तर काय? पण तोर्सेदोरच्या कामाचा हिशेब नगावर होतो आणि बिडी वळणारीच्या मजुरीचा हजारावर. त्यातून ठेकेदार नापास म्हणून काढतो त्या बिड्या वेगळ्या. केंद्र सरकारच्या नोंदीत देशात सुमारे 50 लाख बिडी कामगार आहेत. त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि बहुतेक काम घरी बसून होते.

गंमत अशी की कायद्याने या दोघांना एकाच पंगतीत बसवले होते. संसदेने 1966 मध्ये केलेल्या कायद्याचे नावच ‘बिडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम’ असे होते. पुढे तो 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. त्याही आधी, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताने 1937 मध्ये बिडी, लाख आणि कातडे कमावण्याच्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला होता. 1948 मध्ये याच प्रांताने शेतीच्या हंगामात काही गावांत बिड्या वळायलाच मनाई करता येईल असा कायदा आणला. मजूर शेतीला मिळावेत हा हेतू. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये चिंतामणराव खटल्यात तो रद्द ठरवला. म्हातारी, आजारी किंवा शेतात न राबू शकणारी माणसेही या बंदीत भरडली जातील, हा त्यातला एक मुद्दा होता. बिडी ही कोणाची भाकर आहे, याची नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात अशी झाली.

दामाच्या लढाईचा वारसाही याच जिल्ह्यात आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी 1930 च्या दशकात बिडी कामगारांची संघटना बांधली आणि ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिड्या बनवण्याचा प्रयोग केला. 1939 मध्ये वयाच्या अवघ्या पस्तिशीत त्यांचे निधन झाले. बिडीत जाणाऱ्या तंबाखूचीही कहाणी वेगळी नाही. बेळगाव जिल्ह्यातील मराठीभाषक निपाणी ही बिडीच्या तंबाखूची मोठी पेठ. तिथे 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रास्त भावासाठी महामार्गावर बसले. एप्रिलमध्ये आंदोलन मोडून काढताना झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. रानातले पान, शेतातला तंबाखू, घरातले हात या तिन्ही टोकांना मोल मागावे लागले, ते आपणहून कधी मिळाले नाही.

कराने हा हिशेब सुटतो का?

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेच्या 56 व्या बैठकीत सिगार आणि सिगारेटसाठी 40 टक्के दर ठरला. बिडीवरील दर मात्र 28 वरून 18 टक्क्यांवर आणि बिडीच्या पानावरील 18 वरून 5 टक्क्यांवर आणायचे ठरले. कारण उघड आहे. सिगार ही चैन, बिडी हा रोजगार.

ही भूमिका समजण्यासारखी असली तरी पुरेशी नाही. कर कमी झाल्याचा लाभ तीन ठिकाणी जाऊ शकतो. ओढणाऱ्याला स्वस्त बिडी, कारखानदाराला जास्त नफा, नाही तर वळणारीला जास्त मजुरी. पहिल्याने आजार वाढतो, दुसऱ्याने कामगाराच्या घरात काही फरक पडत नाही. तिसरे आपोआप होत नाही, त्यासाठी तशी अट घालावी लागते. पूर्वी बिडीवर खास उपकर होता आणि त्यातून 1976 पासून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरबांधणी अशी कामे चालत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर संपला. योजना राहिल्या, पण त्यांच्या हक्काचा पैसा गेला. कामगारांच्या नावाने सवलत द्यायची असेल, तर तिचा काही हिस्सा त्यांच्या कल्याण निधीत पडला पाहिजे. नाही तर नाव मजुराचे आणि फायदा दुसऱ्याचा, असे होते.

‘भारी माल कमी घातक’ हे खरे आहे का?

नाही. हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो सुरक्षित, असे म्हटले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 मध्येच स्पष्ट केले, की एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. त्याचा धूर क्षारीय असतो, म्हणून छातीत न घेताही निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरते. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे टळत नाही.

बिडीबाबत उलटा समज आहे. ‘पानाची आहे, नैसर्गिक आहे, तंबाखू थोडाच आहे.’ एका बिडीत तंबाखू खरेच थोडा असतो, साधारण ग्रॅमचा पाचवा भाग. पण तेंदूपान कागदासारखे आपोआप जळत राहत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर घ्यावे लागतात. परिणामी थोड्या तंबाखूतूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जाते. दोन वर्षे आंबवलेले पान असो की रानातले ताजे, जळल्यावर फुप्फुसाला आणि घशाला त्यांतला दर्जा कळत नाही. चवीतला फरक खरा असला, तरी त्याने अपाय कमी होतो असे नाही. सिगारला हजार रुपये मोजणाऱ्यानेही हे मान्य करून मगच पैसे मोजावेत.

मग कुहीत चवीची चर्चा होते ती कशाची?

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे त्यात फक्त 3.8 टक्के, तर चघळणारे 24.4 टक्के. म्हणजे सिगार-सिगारेटचा वाद राज्याच्या एका कोपऱ्यातला आहे. विदर्भात तंबाखू म्हणजे मुख्यतः खर्रा.

पानठेल्यावर पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घालून खर्रा घोटला जातो. त्याचेही जाणकार आहेत. अमक्या ठेल्यावरचा घोट चांगला, तमक्याची सुपारी कच्ची, याचा चुना लागतो, त्याचा तंबाखू कडक. शब्द वेगळे, पण सिगारच्या बैठकीत चालते तीच ही समीक्षा. आणि इथेही पैसे वसूल झाल्याचे तितक्याच ठामपणे सांगितले जाते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, त्यानंतर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही आली. तरी ठेल्यावरची घासाघीस थांबलेली नाही.

या चवीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. एका खर्ऱ्याचे 20 रुपये आणि दिवसाला पाच खर्रे धरले, तर दिवसाचे 100 आणि वर्षाचे 36 हजार 500 रुपये होतात. रोजमजुरीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम म्हणजे एका लेकराचे वर्षाचे शिक्षण असते. सिगार ओढणाऱ्याने वर्षात चार-दोन महागडे सिगार ओढले तरी त्याच्या घरखर्चाला झळ लागत नाही. खर्ऱ्याची झळ रोज लागते आणि तोंड उघडेनासे झाले की उपचाराचा खर्च वेगळा. सुपारी आणि तंबाखूने गालाचा आतला भाग ताठर होणे ही कर्करोगाची पहिली पायरी असू शकते. तोंड पुरते उघडत नाही, तिखट सोसत नाही, अशी लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यायला हवी. ज्या तालुक्याची ओळख मिरचीने आहे, तिथल्या माणसाला वरण-भातातली मिरचीही झोंबू लागावी, याहून चवीचे मोठे नुकसान कोणते?

मग मूल्य कुठे शोधायचे?

सिगारच्या धंद्यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती ओढण्याची नाही. मातीचे नाव, हाताचे कसब आणि लागलेला वेळ यांचे पैसे मागायचे असतात, हे तो धंदा शिकवतो. ‘प्रीमियम बिडी’ काढून हा धडा गिरवण्यात अर्थ नाही, कारण पाकीट बदलले तरी आजार तोच राहतो. पण पान तोडणाऱ्यांना आजच्यापेक्षा जास्त मिळू शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानाचे नाव घेऊन उल्लेख केला आहे. गडचिरोली-गोंदियातील अनेक ग्रामसभांनी 2013 पासून आपल्या पानांचा लिलाव स्वतः करून दाखवला. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. मात्र सामूहिक वनहक्काचा दावा करायला ती अट आड येत नाही. कुही-उमरेड पट्ट्यातील जंगलालगतच्या गावांनी या वाटेकडे गांभीर्याने पाहायला हवे. बिडीची मागणी आणखी किती वर्षे टिकेल हे कोणाच्या हातात नाही. पण ती आहे तोवर पानाचा दाम तोडणाऱ्या हाताला मिळावा, आणि हंगामात वाघापासून संरक्षणाची व्यवस्था असावी, एवढे तरी हातात आहे.

दुसरी वाट अधिक लांबची आणि अधिक चांगली आहे. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे मातीच्या नावाने चव ओळखली जाण्याचा जो मान वुएल्ता आबाहोच्या पानाला आहे, तोच कायदेशीर मान या मिरचीला आहे. कुही, मांढळ, भिवापूर या मिरचीच्या पट्ट्यात सातऱ्यांवर दिवसभर झोंबत्या हातांनी देठ खुडणाऱ्या बायकांचे कष्ट बिडी वळणारीपेक्षा कमी नाहीत. फरक असा की या चवीने कोणाला कर्करोग होत नाही. मानांकनाचा कागद मिळाला, पण त्याने भाव आपोआप येत नाही, हे तिरुचिरापल्लीच्या सिगारवरून दिसलेच. वाण जपणे, भेसळ रोखणे, नावानिशी पाकिटे बाजारात नेणे आणि त्या भावातला वाटा खुडणाऱ्या हातापर्यंत पोहोचवणे, हे सगळे अजून करायचे आहे.

सिगारच्या चवीबद्दल मते वेगवेगळी राहतील. ज्याला परवडतो, ज्याला धोका ठाऊक आहे आणि जो वयाने सज्ञान आहे, त्याने काय ओढावे हे त्याने ठरवावे. पण ‘हजार रुपये कशाचे?’ हा त्याला विचारला जाणारा प्रश्न बिडीच्या बंडलालाही विचारला पाहिजे, फक्त उलटा करून. सत्तर हजार पाने तोडणारीला, हजार बिड्या वळणारीला एवढेच का? आणि ठेल्यावर खर्रा घोटून घेणाऱ्याने तो स्वतःच्या खिशाला विचारला तर कुहीतल्या कितीतरी घरांत महिनाअखेरीस दोन पैसे उरतील.